एका डॉलरचं पेट्रोल

लोवेल अमुंडसेन त्या पंपावर पहिल्यांदा वळला तो गारांमुळे. पेट्रोल त्याला नकोच होतं, सकाळीच टाकी भरून निघाला होता. पण मे महिन्यात नेब्रास्काचं आभाळ कधी काय करील सांगता येत नाही. समोरची काच फुटते की काय असं वाटायला लागलं तेव्हा रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि त्यानं गाडी आत घातली. चाकं रबरी नळीवरून गेली, आत घंटा वाजली. पुठ्ठ्याचा खोका डोक्यावर धरून एक मुलगी धावत आली.

"पूर्ण भरू?"

आता नुसता आडोशाला आलोय असं कसं सांगायचं? तो म्हणाला, "एक... एका डॉलरचं."

मुलगी मागे गेली, टाकीचं झाकण उघडलं, आणि परत खिडकीशी आली. केसांत गारा अडकल्या होत्या, आणि हसू आवरताना ओठ मुडपले होते.

"मिस्टर, टाकी गळ्यापर्यंत भरलीय. एका डॉलरचं पेट्रोल ओतू कुठे? तुमच्या बुटांत?"

लोवेल हसला. बुटांचं नाव काढल्यावर त्याला हसू यायला नको होतं, पण आलं, आणि बऱ्याच महिन्यांनी आलं.

कारण लोवेलला बूट एकच लागायचा. युद्धावर गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. परत आला तेव्हा उजवा पाय मांडीच्या मध्यावर संपत होता. गाडीत हातानं चालवायचा दांडा बसवून घेतला होता, ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. कुबड्या मागच्या सीटवर घोंगडीखाली. मांडीवर कायम एक जाडसर कोट, उन्हाळा असो की हिवाळा. लाज पायाची नव्हती हो. घरी वाट बघणारी एक मुलगी होती, तिनं दोन महिने कसेबसे काढले आणि मग रडत रडत अंगठी परत दिली. म्हणाली, तुझ्याकडे बघितलं की मला रडूच येतं. तेव्हापासून लोवेलला माणसांच्या डोळ्यांत पाणी तरारायला लागलं की पळून जावंसं वाटायचं.

आणि इथे ही पोरगी त्याच्याकडे बघून हसत होती.

तिचं नाव ट्विला कुबिचेक. पंप तिच्या बापाचा, एमिलचा. दोन यंत्रं, एक गॅरेज, बाटल्यांचा एक लाल फ्रिज. पुढच्या गुरुवारी लोवेल पुन्हा आला. एका डॉलरचं पेट्रोल. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. एका डॉलरचं.

तुम्हा पोरांना हे सांगून पटायचं नाही. तुम्ही थंडीत नळी धरून उभे राहता, कार्ड घासता, काच मळकी तशीच घेऊन निघता, आणि कुणाच्या तोंडाकडे बघतही नाही. तेव्हा गॅलनला तेहेतीस सेंट पडायचे. एका डॉलरला तीन गॅलन, आणि वर पुढची-मागची काच पुसून, ऑइल बघून, चाकांत हवा भरून मिळायची. नकाशा लागला तर फुकट. आणि मुख्य म्हणजे पंपावर गाडीतून कुणी उतरायचंच नाही. बँकेचा मॅनेजर असो नाहीतर डुकरं विकायला निघालेला शेतकरी, सगळे बसूनच. आजही गावातल्या हॉटेलात म्हातारे कॉफीवर त्या दिवसांचं रडगाणं गातात. लोवेलही तिथे येतो, आता सत्तरी उलटलीय त्याची. तो विषय निघाला की उठून जातो. अख्ख्या जगात पंप हीच एक जागा होती जिथे तो चारचौघांसारखा होता.

ट्विला काच पुसायची तेव्हा टाचा उंचावून अर्धी बॉनेटवर ओणवी व्हायची. दोघांच्या चेहऱ्यांत हातभर अंतर, मध्ये साबणाचं पाणी. एक डोळा काढायची फेसात, मग दुसरा, मग वाकडं नाक... आणि लोवेल ओळखायचा की हे आपलंच थोबाड आहे. मग सर्रकन सगळं पुसून टाकायची, आणि फेसामागून तिचा खरा चेहरा दिसायचा. त्या घटकाभरासाठी तो तीस मैल वाकडी वाट करून यायचा.

"काम काय करता हो तुम्ही? सारखे आपले रस्त्यावर."

"पियानो लावतो. बिघडलेले सूर जागेवर आणतो."

"अगं बाई! मग आमच्या चर्चचा बघा ना. वरचा एक सूर असा लागतो, की फादर डोळे मिटून घेतात, आणि ते भक्तीनं नाही."

चर्चला सात पायऱ्या होत्या. त्यानं मोजल्या होत्या.

"या आठवड्यात... नाही जमायचं."

"बरं, पुढच्या?"

"बघू."

ते 'बघू' दोन वर्षं चाललं. मधल्या काळात 'अहो पियानोवाले'चं 'लोवेल' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं. ट्विला कागदात गुंडाळून खिडकीतून कोलाचे द्यायची, प्लमचं सारण भरलेले गोड पाव, आईनं पहाटे भाजलेले. तो खात असताना हाताची घडी घालून बघत उभी राहायची.

"कसा झालाय?"

"बरा आहे."

"नुसता बरा? आईला सांगते हां. पुढच्या वेळी तुला मीठ घातलेला मिळेल."

घरी जाताना लोवेल स्वतःला बजावायचा, पुढच्या वेळी सांगायचं. दार उघडायचं, कुबड्या घ्यायच्या, उतरायचं. बास. पुढची वेळ यायची, ट्विला धावत यायची, हसायची, आणि त्याला वाटायचं, आजचा दिवस हे हसू असंच राहू दे. उद्या जाईलच की.

पहिल्या उन्हाळ्यात तिनं विचारलं होतं, "शनिवारी हॉलवर पोल्का आहे. येणार?"

"मला नाचता येत नाही."

"कुणाला येतं? एकमेकांचे पाय तुडवायचे, बिअर प्यायची, घरी जायचं."

तो गेला. खरंच गेला. ऊन कलताना हॉलसमोर, रस्त्याच्या पलीकडे गाडी उभी केली. आतून अकॉर्डियन ऐकू येत होता. ट्विला दारात आली, निळा फ्रॉक घातलेली, आणि रस्त्याकडे बघू लागली. लोवेलनं घोंगडी बाजूला सारली. कुबड्या पुढे ओढल्या. दार उघडलं... मग लावून घेतलं, आणि घरी निघून आला.

गुरुवारी ती फक्त एवढंच म्हणाली, "आला नाहीस."

"काम निघालं."

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दोन्ही वेळा तो घरीच बसून राहिला. तिसऱ्यांदा विचारताना ती हसली नव्हती, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

याच्या मधेच, त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात, पेट्रोलची टंचाई आली. भाव भडकले, पंपासमोर अर्धा मैल रांगा लागल्या. लोक चिडायचे, एमिलवर खेकसायचे, जसं काही त्यानंच ते पळवून ठेवलं होतं. लोवेल एकटाच रांगेत खुशीत असायचा.

"एका डॉलरला आता दोन गॅलनही येत नाहीत," ट्विला म्हणाली.

"बरंच आहे. दर दोन दिवसांनी यावं लागतं."

ती हसली. पण हात काचेवर तसाच थांबला होता, आणि ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. जणू त्यानं आणखी काही बोलावं म्हणून. त्यानं खिशातून डॉलर काढून पुढे केला.

चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात पंपाच्या खिडकीला पाटी लागली. एक ऑक्टोबरपासून आपलं पेट्रोल आपण भरा, पैसे आत आणून द्या. कंपनीनं एमिलला सांगितलं होतं, नवी यंत्रं घे नाहीतर पंप सोड. एमिलनं पंप सोडला. "पुसलेल्या काचेतून रस्ता दाखवला पंचवीस वर्षं," तो लोवेलला म्हणाला. "आता यांचे रस्ते हे बघतील." आणि फडक्यानं हात पुसत आत गेला.

लोवेलनं ती पाटी दोनदा वाचली. आता उतरावंच लागणार होतं. तिच्यादेखत, नाहीतर तिच्याशिवाय. शेवटच्या दिवसापर्यंत त्याला तीन आठवडे होते. त्यात तो सात वेळा गेला, आणि सातही वेळा ऑइलबद्दल बोलून परत आला.

तीस सप्टेंबरला त्यानं कोट घरीच ठेवला. घोंगडीही. कुबड्या उघड्या, शेजारच्या सीटवर. गावातले सगळे त्या दिवशी निरोपाला म्हणून गाड्या घेऊन आले होते, रांग लांबच लांब होती. ट्विला काच पुसायला लागली. आज फेसात तिनं काही काढलं नाही.

"ट्विला." त्यानं खिडकीतून हाक मारली. "जरा इकडे ये."

ती आली. फडकं हातातच.

"मला तुला दोन गोष्टी सांगायच्यात. माझं तुझ्यावर प्रेम आहे. आणि... मला उजवा पाय नाही."

ट्विलानं आत पाहिलंही नाही.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दोन्ही."

लोवेलचा हात सवयीनं मांडीवर गेला, तिथे आज कोट नव्हता.

"पायाचं तर दुसऱ्याच आठवड्यात कळलं," ती हळू आवाजात म्हणाली. "काच पुसते मी, लोवेल. काचेतून आतलं दिसतं. तुला काय वाटलं, मी त्यावरच्या मेलेल्या माश्या बघत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलायचं? लपवत तू होतास. मी बोलले असते तर परत आला असतास? खरं सांग."

त्यानं खरं सांगितलं. मान हलवली, नाही म्हणून.

"तीनदा नाचायला बोलावलं तुला. एक पाय नसलेल्या माणसाला पोल्का नाचायला कोण बोलावतं रे? मला वाटायचं, आता तरी चिडेल, ओरडेल, दार उघडून म्हणेल, बघ, हे असं आहे, कसा नाचू? म्हणजे मी म्हणेन, बसू या की मग."

"मी आलो होतो. पहिल्या वेळी—"

"गाडी ओळखते मी तुझी. दार उघडलंस तेव्हा पाच-सहा पावलं पुढेही आले होते. मग थांबले. मी धरून उतरवलं असतं तर तू मला जन्मात माफ केलं नसतंस." तिनं फडकं पिळलं. त्यात पाणी उरलंच नव्हतं. "आणि तू निघून गेलास."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"आता सांगितलंय ना," लोवेल म्हणाला. "उशीर झाला, पण सांगितलंय. मी उद्या येतो. घरी येतो, एमिलशी बोलतो..."

"एल्डननं विचारलंय मला."

एल्डन प्रोखास्का धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होता. लोवेलनं त्याला पाहिलं होतं. लाल मानेचा, सरळ माणूस.

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. बाबांच्या समोर उभा राहून विचारलं. मी हो म्हटलं. चार रविवारांनी लग्न आहे, मग आम्ही सगळेच लिंकनला राहायला जातोय."

"प्रेम आहे तुझं त्याच्यावर?"

"होईल."

"मोडून टाक, ट्विला. मी पाया पडतो तुझ्या."

"नाही." ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. "दोन वर्षं चार महिने मी रोज ती घंटा ऐकून धावत आले. कुणाचीही गाडी असो, आधी वाटायचं तूच. दमले रे मी. एल्डनला मी पुन्हा तसं वाट बघत ठेवू? तो काय चुकला?"

लोवेलनं दाराची कडी ओढली. आता कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कुबड्या बाहेर टेकल्या, शरीर ओढलं, पँटचा रिकामा पाय वाऱ्यानं फडफडला, आणि तो उभा राहिला. पंपावर, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. काही झालं नाही. मागच्या ट्रकमधल्या म्हाताऱ्यानं नुसती टोपी उचलून नमस्कार केला. कुणी हळहळलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही.

ट्विलाला मान वर करावी लागली. इतक्या दिवसांत तिनं कायम त्याच्याकडे वाकूनच पाहिलं होतं. ती वर बघत राहिली, बघतच राहिली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"तू एवढा उंच आहेस?" ती म्हणाली. "हे नव्हतं मला माहीत."

"सहा फूट एक इंच," लोवेल म्हणाला, कारण दुसरं सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.