बिनरंगाची नळी

हसायचं तर हसा, पण हे घडलंय. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये, मागच्या नोव्हेंबरात, भरदुपारी. ज्याच्याबाबतीत घडलं तो हेनिंग माझ्या शेजारच्या खोलीत राहतो.

हेनिंग रक्तातल्या बी पेशींवर पीएचडी करतो. पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांत चमकणाऱ्या अँटीबॉडी चिकटवायच्या, नळी मशीनला लावायची. प्रत्येक पेशी म्हणजे पडद्यावर एक ठिपका.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं. ते लॅबमधलंच कुणीतरी देतं. बदल्यात लोणी लावलेला ब्रेझेल, म्हणजे बेकरीतला गाठीच्या आकाराचा खारा पदार्थ.

नेहमी त्याच्या लॅबमधली व्हीब्के द्यायची.

"नीट टोच रे, कसाई! आणि ब्रेझेल ताजा हवा. कालचा दिलास तर रक्त परत घेईन."

मार्चमध्ये तिच्या रक्तातला ठिपक्यांचा एक थवा भलत्याच कोपऱ्यात चढला. दोन रंग एकाच पेशीवर. निरोगी माणसात एवढा थवा नसतो.

रक्ताचा कॅन्सर असू शकतो, हे हेनिंगला लगेच कळलं.

पण पेपर पाठवायची तारीख तोंडावर होती. निरोगी रक्तच आजारी निघालं तर सगळी मेहनत पाण्यात.

"एक रंग दुसऱ्यात सांडलाय," तो एकटाच पुटपुटला, म्हणजे मशीनची चूक. आकडे फिरवून त्यानं थवा पुसून टाकला.

"काय रे, कसंय माझं रक्त?"

"एकदम झकास. घे, ब्रेझेल खा."

ऑक्टोबरात व्हीब्के गेली.

डॉक्टर म्हणाले, वसंतात कळलं असतं तर वाचली असती.

मग हेनिंग स्वतःचंच रक्त वापरायला लागला.

त्या दुपारी त्यानं आधी बिनरंगाची नळी लावली. हिच्यात त्याचं रक्त, पण अँटीबॉडी नाहीत. हिनं चमकायचंच नसतं.

सुर्र...

कोपऱ्यात एक ठिपका.

मग दहा.

मग... तोच थवा.

त्यानं नळी काढली. आवाज थांबला नाही.

सुर्र... सुर्र...

मशीनची रक्त ओढणारी सुई कोरडी. ठिपके चढतच होते.

त्यानं तेच आकडे फिरवले. थवा हलला नाही.

खोलीत ताज्या लोण्याचा वास आला... आणि अगदी कानाशी...

"एक रंग दुसऱ्यात सांडलाय का रे, कसाई?"

दवाखान्यात त्यानं रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं. दोनदा. पण त्या मशीनवर त्याचा थवा दर वेळी मोठा होतोय. बाकी कुणाचं रक्त लावलं तर काहीच दिसत नाही.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एका सकाळी तो स्वयंपाकघरात आला, पांढराफटक.

"मी बरा दिसतोय ना रे?"

मी नुकताच बेकरीतून आलो होतो.

"एकदम झकास," मी म्हणालो. "घे, ब्रेझेल खा."

तो जो किंचाळला...

तेव्हाच त्यानं मला हे सगळं सांगितलं. तोवर व्हीब्केचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं.

आणि मी तर बेकरीत फक्त पाव आणायला गेलो होतो; ब्रेझेल मी घेतलाच नव्हता.