बघितल्याशिवाय फेकायचं नाही

कोरीनच्या पत्राला वेंडलने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र ऑक्टोबरात आलं होतं आणि आता जानेवारी सरत आला होता. मोजून चार ओळी: ‘घर विकून बहिणीकडे ओरेगनला जावं म्हणते. मी थांबावं असं तुला वाटत असेल, तर लिहून कळव. तोंडाने नको. तोंडाने तू हवामानावर बोलतोस.’

खरंच होतं ते. वेंडलचा जन्म गावच्या वाचनालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवण्यात गेला. स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. आठ उत्तरं लिहून त्याने फाडली. नववं खिशात घालून तो आज किनाऱ्यावर आला, लाकडी पायऱ्यांवर बसून त्याने ते वाचलं, ‘छे, किती पोरकट!’ म्हणत चुरगळलं आणि कमरेच्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं. किनाऱ्यावर कागद टाकायचा नाही, हा इथल्या नाणी शोधणाऱ्यांचा धर्मच.

दोन दिवस ईशान्येचं वादळ घोंगावून गेलं होतं. लाटांनी किनारा कमरेइतका कापून नेला होता. अशाच वेळी बुडालेल्या स्पॅनिश जहाजांची चांदी वर येते. वेंडल कानाला हेडफोन लावून धातू शोधायचं यंत्र वाळूवरून फिरवू लागला. टिंग... बाटलीचं झाकण. टिंग... गंजका खिळा. न बघताच सगळं पिशवीत. मन होतंच कुठे जागेवर?

“काय ग्रंथपालसाहेब, आज मला न बोलावताच?”

त्याच्या हातातला वाळू चाळायचा लांब दांड्याचा झारा निसटला. पिवळा रेनकोट, भुरभुर पावसात चिकटलेले पांढरे केस... कोरीन!

दोन वर्षांपूर्वी ती अशीच अचानक दिसली होती. हातातला काळा तुकडा कचऱ्यात टाकायला निघालेली. तीनदा खाकरून तो म्हणाला होता, “माफ करा... तुम्ही चांदी फेकताय.” खाऱ्या पाण्यात चांदी कोळशासारखी काळी पडते, हे तिला कुठे ठाऊक होतं! त्या दिवशी त्याने नियम घातला: बघितल्याशिवाय फेकायचं नाही. तेव्हापासून घरी जाण्याआधी दोघं एकमेकांचा कचरा तपासत.

“शुक्रवारी सह्या आहेत,” ती समुद्राकडे बघत म्हणाली. “घराच्या.”

वेंडलने आभाळाकडे पाहिलं. “वारा... वाढणार म्हणतात.”

“बघ! हवामान!” ती हसली, पण ते हसू लगेच विरलं. “भरती चढतेय. आण तुझी पिशवी.”

त्याने पिशवी घट्ट धरली. “आज राहू दे. नुसती झाकणं आहेत.”

“मीपण तेव्हा असंच म्हणाले होते. आण.”

“नको, कोरीन.”

“दोन वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणतोयस...” तिचा आवाज उतरला. “ठीक आहे. आता तेवढंही नको, असंच ना?”

तो उतरलेला आवाज त्याला सोसवेना. त्याने पिशवी पुढे केली.

तिने ती झाऱ्यात रिकामी केली. झाकणं, खिळे... आणि एक चपटा काळा तुकडा. तिने तो उजेडात तिरका धरला. क्रुसाची पुसट रेघ!

“आठ रिआलचं स्पॅनिश नाणं! वेंडल, हे तू फेकलंस? तू?”

“लक्ष नव्हतं.”

“मग कुठे होतं?”

तेवढ्यात कागदाचा बोळा वाऱ्याने घरंगळला. तिने तो पटकन हाताखाली दाबला. वरच्या घडीवर त्याच्या रेखीव अक्षरात दोनच शब्द दिसत होते: प्रिय कोरीन. एक लाट दोघांच्या बुटांवरून गेली. कुणीच हललं नाही.

“हा पण कचरा?”

“हो... म्हणजे नाही... नीट जमलं नाही गं ते.”

“बघितल्याशिवाय फेकायचं नाही. कुणाचा नियम?”

“माझा.”

“मग तूच बघ.”

तिने बोळा न उघडताच त्याच्या तळहातावर ठेवला, वर नाणं ठेवलं, त्याची बोटं मिटली — आणि क्षणभर तशीच धरून ठेवली.

“आज मंगळवार. पाचच्या आत टाकलेलं पत्र गुरुवारी मिळतं,” ती हळूच म्हणाली. “उद्याचं शुक्रवारी. सह्या सकाळी आहेत, वेंडल.”

ती पायऱ्या चढून गेली. मागे वळलीसुद्धा नाही. त्याला हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण त्यात नुसता वारा शिरला.

साडेचार वाजले तरी तो गाडीत बसूनच होता. मांडीवर ओला, वाळूने खरखरीत झालेला कागद. पाच ओळींपैकी चार स्वतःच खोडलेल्या. उरलेली एक: ‘थांब. तू गेलीस तर माझा कचरा कोण बघणार?’

त्याने ती पुन्हा वाचली. पोरकट होती. अजूनही होती... पण खोटी नव्हती.

टपाल कचेरीची खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं होती. खिडकीमागच्या बाईंनी लिफाफा चाचपला. “आत काहीतरी टणक आहे. फुटण्यासारखं?”

वेंडलने विचार केला. “नाही. तीनशे वर्षं समुद्रात होतं, फुटलं नाही.”

त्यांनी शिक्का मारला, लिफाफा ओढला. तो येईना. दुसरं टोक वेंडलच्या चिमटीत होतं.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “सोडा की आता.”

त्याने सोडला.