मुगाएवढं मेण

मी दुकानात मागच्या चुलीवर मेण वितळवत होते, तेवढ्यात दार उघडून तो आत आला. आला म्हणजे काय… निसटून आला. निघाला होता समोरच्या काचेच्या मोठ्या दुकानात, पण तिथे काउंटरपाशी चार बायका हसत उभ्या दिसल्या आणि त्याचे पाय आपसूक आमच्याकडे वळले. हे त्याने पुढे कधीतरी सांगितलं. त्या दिवशी म्हणाला एवढंच, "भावासाठी केसांचं पोमेड हवंय. रसायनं नसलेलं."

"भावाचे केस कसे आहेत?"

"बारीक. म्हणजे विरळ नाहीत हं… बारीक."

"साधारण तुमच्यासारखे?"

"…थोडेफार."

"आणि लाजतोही तुमच्यासारखाच?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जमिनीकडे बघत म्हणाला, "मला भाऊ नाही."

मला हसू आवरेना. काकाही फडताळामागून खोकल्यासारखं हसले. दुकान त्यांचं. साबण, मलमं, पोमेड, सगळं घरच्या मधमाशीच्या मेणाचं. मी शिकाऊ म्हणून आले आणि त्यांची पुतणी असल्यामुळे दुप्पट ओरडा खात शिकले.

"मी घड्याळं दुरुस्त करतो," तो सांगू लागला. "दिवसभर मान खाली. समोर गिऱ्हाईक उभं. त्यांना चेहरा दिसतच नाही, टाळू दिसते. परवा एक नेहमीच्या बाई रस्त्यात भेटल्या, ओळखलंच नाही त्यांनी. मान वर होती ना!"

मी हलक्या पोमेडची डबी उघडली. "बारीक केसांना मेण कमी लागतं. जड मेण लावलं की केस चिकटून त्यांच्या पट्ट्या होतात, आणि जे झाकायचं तेच दिसतं. यात मेण थोडं, तेल हलकं, आणि चमक मारू नये म्हणून पांढरी माती. हात करा पुढे."

त्याने हात पुढे केला. बारीक बोटं, नखं स्वच्छ. मी तळव्यावर मुगाएवढं मेण ठेवलं आणि अंगठ्याने चोळलं.

"एवढंसं?"

"एवढंसंच. आधी त्याला ऊब द्यायची. घाई केली की बिघडतं."

"मेण बिघडतं?"

"सगळंच," मी म्हणाले… आणि हात सोडायचं विसरले.

महिन्याची डबी मग त्याला आठ दिवस पुरेना.

"एवढं लावता तरी कुठे?"

"घड्याळांनाही लावतो."

"आणि ती चालतात?"

"पुढे जातात जरा," तो म्हणायचा. "म्हणून तर इथे लवकर पोचतो."

काका एकदा म्हणाले, "पोरी, या माणसाचे केस कमी आणि फेऱ्या जास्त आहेत." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग तो शनिवार आला. शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ वीस वर्षं बंद होतं, ते त्याने चालू केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पहिला टोला पडायचा होता. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता, आणि पहिल्या रांगेत त्याची आई.

"डबी संपलीय," तो म्हणाला. "आयुष्यात एकदाच माझा फोटो छापून येणार, त्यात तरी बरा दिसू दे."

हलकी डबी आमच्याकडे एकही नव्हती. नवी घोटली तर मेण घट्ट बसायला दोन दिवस. समोरच्या दुकानात तसलंच हलकं तयार होतं, मला पक्कं ठाऊक होतं. मी फक्त बोट दाखवायचं होतं. पण तिथे काउंटरवर ती हसऱ्या गालांची मुलगी उभी असते… येईल त्याला "या ना, बसा ना" करते. तो एकदा तिथे गेला तर?

मी आत गेले. मिशा ताठ ठेवायच्या मेणाची डबी काढली. सगळ्यात जड, मेणच मेण. 'मिशांसाठी' हे लेबल नखाने खरवडून काढलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "हे खास तुमच्यासाठी."

"तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन नेमकं डोक्यावर होतं. गर्दीत मागे उभी राहून मी पाहिलं. केसांच्या चार पट्ट्या झालेल्या, मधून टाळू लखलखत होती. फोटोग्राफर ओरडला, "साहेब, कुणाची टोपी मिळेल का? डोळे दिपतायत!" लोक हसले. त्याची आईही हसली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात टोला पडला. घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने एकट्याने मान वर करून पाहिलं.

मी घरी पळाले. प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेना. देवाला सांगणार तरी काय? लेबल खरवडताना तो वरून बघतच होता.

चौथ्या दिवशी तो आला. डोक्यावर टोपी. काका बाहेर गेले होते.

"मेण निघत नाही हो," तो हळू म्हणाला. "तीनदा साबण लावला. आणि… माफ करा. तुमचा माल उत्तम. माझे केसच नालायक. चारचौघांत तुमचं नाव खराब केलं मी."

तो माझी माफी मागत होता! धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"साबणाने नाही निघत," मी कशीबशी म्हणाले. "आधी तेल लागतं. या… टोपी काढा."

मोरीपाशी तो खुर्चीत मागे टेकला, डोळे मिटले. मी कोमट तेल घेतलं. त्याने ज्याची इतकी लाज बाळगली ते सगळं माझ्या दोन हातांत होतं. बाळाच्या टाळूसारखं मऊ. मेण सुटू लागलं, तसं माझ्या तोंडून सुटत गेलं.

"ते मिशांचं मेण होतं. मला माहीत होतं. लेबल मी काढलं."

त्याने डोळे उघडले नाहीत. नळ ठिबकत होता.

"का?"

"हलकं समोर मिळत होतं. तुम्ही तिकडे जाल… आणि मग तिकडचेच व्हाल, म्हणून."

तो म्हणाला, "चार दिवस मी आरशात बघितलेलं नाही."

"मला माहीत आहे. नाही… मला माहीत नव्हतं. मी…" माझे हात थांबले. "तुम्ही पुन्हा आला नाहीत तरी चालेल. म्हणजे चालणार नाही. पण मी काही म्हणणार नाही."

तो उठून बसला. केस ओले, विस्कटलेले, टाळू उघडी. मी पंचा पुढे केला, त्याने घेतला नाही. झाकायलाही गेला नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिला आणि माझीच मान खाली गेली.

"राग आलाय मला," तो म्हणाला.

"येणारच."

"खूप आलाय. जाईल हळूहळू… पुन्हा सांगा."

"काय… लेबलाचं?"

"नाही. त्याच्या नंतरचं. का केलंत ते."

तोंड वर करवेना. पंचा चुरगळत मी पुटपुटले, "तुम्ही दुसरीकडे जाऊ नये म्हणून."

"नाही जात," तो म्हणाला.