मल्हार क्लबची हजेरी

धारला सामना असला की मी दशम्या करते, देवासला असला की पोहे. हा नेम सासूबाईंचा, मी तो पुढे चालवला. माझा दिवसच नेमांवर चालतो. पहाटे अंघोळ, मग टेकडी. आधी मोठ्या माताजी, मग छोट्या माताजी, आणि खाली उतरल्यावर चहा. गुरुवारी एकभुक्त. एकादशीला आता पाणी घेते, कारण डॉक्टरांना तसं कबूल केलंय. आणि मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी मौन.

हे मौन फुटबॉलसाठी आहे. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे.

मी नऊ वर्षांची होते. बाबा देवासच्या राजवाड्याच्या जुन्या कचेरीत कारकून आणि इथल्याच मल्हार फुटबॉल क्लबचे गोलकीपर. धारविरुद्ध आम्हाला पेनल्टी मिळाली आणि बॉलला पाय लागायच्या आधीच मी किंचाळले, ‘गोल!’ बॉल खांबाला लागून परत आला. मागून कुणीतरी म्हणालं, पोरीने गोल गिळला. आम्ही हरलो. बाबा मला काही बोलले नाहीत, पण आईने देवीला शब्द देऊन टाकला की ही पोरगी पुन्हा मैदानावर तोंड उघडणार नाही. पुढच्या वर्षी तीन-शून्यने जिंकलो. मग कोण कशाला तो शब्द मोडतंय?

मी तोंड मिटून या क्लबच्या मागे हिंडले आहे. हाटपिपल्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो होतो, तेव्हा आमचा एक बॅक नृसिंहाच्या देवळातून प्रसाद घेऊन हाफटाइमनंतर उगवला. खातेगावला कापलेल्या सोयाबीनच्या शेतात सामना झाला आणि पोरांचे गुडघे खुंटांनी सोलून निघाले. अमझेऱ्याला दोन वेळा हरलो. मार्तंडराव मला बघायला आले तेव्हा मी त्यांना आधीच ओळखत होते, डाव्या बगलेवरून धावणारा आणि धावण्याआधी घसा खाकरणारा. त्यांनी विचारलं, स्वयंपाक येतो का. मी विचारलं, तुम्ही शेवटच्या दहा मिनिटांत दमता का. लग्न ठरलं.

क्लबच्या घटनेत एक कलम बाबांच्या अक्षरात आहे. धारच्या राजवाडा इलेव्हनशी दरवर्षी मार्गशीर्षातल्या त्याच रविवारी सामना व्हायचा, एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. त्या दिवशी एकवीस आजीव सभासद मैदानावर हजर नसतील तर क्लब विसर्जित झाला असं समजायचं. शिट्टीआधी यादी वाचायची, ज्याचं नाव त्याने ‘हजर’ म्हणायचं आणि मोजायचं समोरच्या क्लबच्या माणसाने, म्हणजे लबाडी नको.

चौऱ्याण्णवनंतर नवा सभासद झालाच नाही. पोरं हिंदी शाळांत गेली, क्रिकेटला गेली, पुण्याला गेली. आता आमच्याकडून खेळतात ती होस्टेलची आणि फॅक्टरी कॉलनीतली मुलं. चांगली खेळतात, पण सभासद होत नाहीत. यादी बरोबर एकवीसवर येऊन थांबली आणि मग त्यातली माणसं जायला लागली. यादी वाचणाऱ्या तात्यांनी वाट काढली. नाव पुसायचं नाही, घरच्या कुणीतरी हजर म्हणायचं. श्राद्धाला नाव घेतोच की आपण, असं त्यांचं म्हणणं. धारवाल्यांनीही मान डोलावली, त्यांच्याकडे तरी कुठे वेगळं होतं? माझं नाव आलं की मी हात वर करायची आणि तात्या माझ्या वतीने हजर म्हणायचे.

कोरोनानंतरचा पहिला सामना देवासला झाला. हे त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मी मौनात, म्हणून यांच्या नावाला माझ्या नणंदेचा प्रणव हजर म्हणणार, असं ठरलं होतं. तात्यांनी नाव वाचलं. माझ्या मागून, जरा डावीकडून, आधी घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग ‘हजर’. मला वाटलं, प्रणव मामाची नक्कल करतोय. थोडा रागही आला. दहा मिनिटांनी प्रणव फाटकातून घाम पुसत आला. म्हणाला, “सॉरी मामी, पार्किंगच नाही मिळाली.”

मी त्याला दशमी नाही, पोहे दिले आणि समोर बघत राहिले.

पुढल्या वर्षी धार. धारच्या मैदानाला आमच्या समोरच्या बाजूला चार जुन्या दगडी पायऱ्या आहेत, मागे कडुनिंब. दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून तिथे कुणी बसत नाही. त्या वर्षी तीन हजर तिथून आले. आमच्याकडच्या प्रत्येकाला वाटलं, घरच्याच दुसऱ्या कुणीतरी म्हटलं असेल. परतीच्या बसमध्ये कुणीतरी सहज विचारलं आणि कळलं की तिघांच्याही घरच्यांनी तोंड उघडलं नव्हतं. घाटाबिल्लोद येईपर्यंत बसमध्ये कुणी शेंगसुद्धा फोडली नाही.

मी त्याच दिवशी हाफटाइमला त्या पायऱ्यांपाशी जाऊन आले होते. पोरं पोटऱ्यांना चोळतात त्या नीलगिरी तेलाचा वास होता. उन्हातल्या दगडावर हात ठेवला. तापलेला. वीतभर पुढे गार, विहिरीच्या तळच्या दगडासारखा. त्यापुढे पुन्हा तापलेला, मग पुन्हा गार. माणसं शेजारी शेजारी बसतात तेवढ्या अंतराने.

घरी आल्यावर मी देवापुढे दिवा लावला. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण भीतीपेक्षा जास्त मला बरं वाटलं, हे देवीसमोर खोटं कसं सांगू?

गेल्या वर्षी देवासला सातही गेलेल्यांची नावं समोरच्या रिकाम्या बाजूने हजर झाली. घरच्यांना ओठ हलवावे लागले नाहीत. आणि मग लतिकाचं नाव आलं. लतिका माझी शाळेपासूनची मैत्रीण, धडधाकट, माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात समोरून तिचाच बोबडा ‘हजल’ ऐकू आला. ती हसली. “अगो जया,” म्हणाली, “मी बसलेय इथे आणि आवाज गेला पुढे.”

चैत्रात ती गेली. दुपारी पेपर वाचता वाचता, चष्म्यासकट.

कार्तिकात सचिव शंतनू घरी आला. पन्नाशीचा माणूस, शिफ्टवरून थेट आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला. तो ठरवूनच आला होता की यंदा घरच्यांनी हजर म्हणायचं नाही, मैदानावर आपण जितके दिसतो तितकेच मोजायचे. जिवंत तेरा. म्हणजे क्लब बंद. मुलांची सोय इंदूरच्या एका अकादमीत होत होती, जर्सी त्यांची.

“काकू, ते मॅच बघायला नाही येत,” तो म्हणाला. “जगह भरतायत. लतिकामावशीचं बघितलं ना तुम्ही?”

मी म्हटलं, तुझ्या वडिलांचं नावही आहे यादीत.

“म्हणूनच सांगतोय. मागच्या साली त्यांचा आवाज ऐकला आणि आठ दिवस जेवण नाही गेलं मला.”

माझा आवाज मुळातच लहान. टेकडीवर पुजारीसुद्धा मला दोनदा विचारतात, काय म्हणालात. त्या दिवशीही मी आवाज चढवला नाही. पण मी सांगितलं की माणूस मेला म्हणून त्याने क्लब सोडायचा, असं बाबांनी घटनेत कुठे लिहिलेलं नाही. उन्हातान्हात, ट्रॉलीत बसून, हरण्यासाठीसुद्धा जी माणसं आली, ती आताही येत असतील तर त्यांना परत पाठवणारा तू कोण आणि मी कोण? घरचे गप्प बसतील, ते मान्य. पण एकवीस नावं वाचली जातील. जो येईल तो येईल.

“आणि तिकडून तुमचा आवाज आला तर? तुमचं तर मौन.”

मी त्याच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली. त्याने खाल्ला नाही.

यंदा आम्ही तेरा सभासद आणि प्रणव धारला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. ऊन स्वच्छ, गव्हावरून आलेला वारा गार. धारकडून मोजायला भैयासाहेब बसले होते. जुन्या सरदार घराण्यातले, नव्वदीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चेहरे त्यांना कधीच दिसेनासे झालेत, ते कानाने मोजतात. मांडीवर पितळी ताट, ताटात चिंचोके. एक हजर ऐकला की एक चिंचोका बाजूला सरकवायचा. आवाज डावीकडून आला तर डावीकडे, उजवीकडून आला तर उजवीकडे. आम्ही त्यांच्या डाव्या हाताला होतो. उजव्या हाताला रिकाम्या पायऱ्या.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की त्या रिकाम्या आहेत.

शंतनू माझ्याकडे बघत होता. मी पदर खोचून बसले.

तात्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं. हजर. दुसरं शंतनूच्या वडिलांचं. पायऱ्यांवरून हजर आलं, जाड आवाजात. शंतनूने कानांवर हात ठेवले. तिसरं इकडून. चौथं इकडून. पाचवं तिकडून. होस्टेलची पोरं मैदानात उड्या मारत होती, त्यांना काही ऐकू येत नसावं. भैयासाहेबांची बोटं संथ चालत होती.

नवव्या नावाला घसा खाकरला गेला. मी डोळे मिटले. हजर. म्हटलं, आलात. थंडीचे आलात, मफलर आणला असेल ना?

लतिका आली.

तात्यांचा आवाज बसत चालला होता, पण ते थांबले नाहीत. ऐंशीचा माणूस. नाव संपलं की कागदावर बोट एक ओळ खाली.

शेवटचं नाव माझं. मी सर्वांत शेवटी सभासद झाले होते.

“जयवंती मार्तंड.”

मी हात वर केला.

पायऱ्यांवरून, लहानशा आवाजात, पुजाऱ्याने दोनदा विचारावं अशा आवाजात, कुणीतरी म्हणालं, “हजर.”

वारा पडला होता. निंबाचं पान हलत नव्हतं. तात्यांचं तोंड माझ्या वतीने बोलायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

चिंचोका सरकल्याचा आवाज आला.

मला राग आला. पंचावन्न वर्षं मी इथे तोंड मिटून बसले. माझा पहिला शब्द दुसऱ्या कुणी बोलायचा?

मी उभी राहिले. देवीला म्हटलं, आईने दिलेला शब्द आज मोडते, काय ते माझ्या डोक्यावर. आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडले.

“हजर! जयवंती मार्तंड इथे आहे. इकडे!”

घसा फाटला. मला ऐकू आलं, स्पष्ट.

मग शिट्टी झाली.

मी सबंध सामना ओरडले. उभी राहून. दे रे, सोड रे, डावीकडे बघ. पंचावन्न वर्षांचं साठलेलं सगळं. आमच्या पोराने सत्तराव्या मिनिटाला डोक्याने गोल केला तेव्हा मी त्याच्या आधीच गोल म्हटलं होतं, आणि बॉल आत गेला. गेला! एक-शून्य. मी दोन्ही हात वर करून नाचले असेन. समोरच्या पायऱ्यांवर पिवळं ऊन सपाट पडलं होतं. बघा, म्हटलं, नीट बघून घ्या, मी इकडूनच बघणार.

पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. प्रणव पाण्याची बाटली घेऊन आला. माझा घसा इतका बसला होता की थुंकी गिळवत नव्हती.

“मामी, संपली मॅच,” तो म्हणाला. “आता सोडा मौन. एवढी जिंकलो, तुम्ही हूं की चूं नाही केलं.”

तो बसकडे डबे न्यायला निघूनही गेला.

शंतनू भैयासाहेबांसमोर उभा होता, चेहरा पांढरा. भैयासाहेब त्याला शांतपणे समजावत होते की नियम पुरा झाला, क्लब राहिला. ताट त्यांनी पुढे धरलं. डावीकडे चिंचोक्यांची एक रांग, उजवीकडे दुसरी.

“इकडून बारा, तिकडून नऊ,” ते म्हणाले. “एकवीस. मोजून घ्या.”

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, त्यांच्या गुडघ्याला माझं लुगडं लागेल इतकी जवळ. इकडून तेरा, मी म्हटलं. भैयासाहेब, मी जयवंती. मी उभी राहून म्हटलं हजर, ह्या बाजूने.

त्यांनी नम्रपणे टोपी सारखी केली. मग मान वळवली, माझ्यापासून दूर, मैदानापलीकडच्या पायऱ्यांकडे.

“हो तर, जयवंतीबाई,” ते तिकडे बघून म्हणाले. “ऐकलं की.”

समोरचं माणूस बोलत असताना थांबावं तसे ते जरा थांबले. हसले. मान डोलावली.

“नक्की, नक्की,” म्हणाले. “पुढल्या वर्षी देवासला. सगळे या.”

ह्या वेळी मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.