सत्यशीलाची लाल गिटार

तो सूर आधी तिच्या पायांना कळला, मग कानांना.

चंद्रपूरच्या वाद्यांच्या दुकानात सत्यशीला एक नवी पेटी पुढ्यात घेऊन भाता हलवत बसली होती. सा लावला, रे लावला… आणि आतल्या बाजूनं असा काही झणकार आला की कपाटातले घुंगरू आपसूक किणकिणले. तिचा हात भात्यावर तसाच राहिला.

आत एक तरुण उकिडवा बसला होता. समोर भोंग्याचं उघडं मशीन, तारांचा गुंता, आणि मांडीवर लाल रंगाची गिटार. फुललेल्या पळसासारखी लाल!

"भाऊ, हे काय वाजवलं तुमी?"

त्यानं मान वर केली. काही बोलायच्या आधी दोन वेळा पापण्या मिटल्या-उघडल्या. "मी नाई वाजवली. मशीन दुरुस्त झालं का पाहून राह्यलो. ऑर्केस्ट्रावाल्यांनी इकून टाकली ही… तुमी पाहता वाजवून?"

"मले कुठी येते!"

"मले तरी कुठी येते? या ना."

ती गेली. भीत भीत एका तारेवर बोट टेकवलं, सोडलं. आवाज दुकानभर फिरला, छातीत शिरला आणि तिथंच बसला. ती हसली. लहान मूल झोक्यावर पहिल्यांदा उंच गेल्यावर हसतं, तशी.

तो मात्र गिटारीकडे पाहतच नव्हता.

सत्यशीलाचे वडील सोमाजी यांची गायन पार्टी सिंदेवाहीकडे नावाजलेली होती. पेटी सत्यशीला वाजवायची. जुन्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला, भीमजयंती तोंडावर आली, म्हणून तिला आत्याबरोबर नवी पेटी आणायला पाठवलं होतं. आत्या अंजनाबाई मोठ्या बोलक्या. गाव कोणतं, पार्टी कोणाची, भाचीचा हात किती गोड, सगळं त्यांनी दुकानात सांगून टाकलं. आणि भाचीनं पार्टीच्या पैशांत पेटीऐवजी लाल गिटार बांधून घेतली, तेव्हा मात्र त्या बोलायच्याच थांबल्या.

तोंड उघडलं ते छोट्या रेल्वेगाडीत बसल्यावर.

"अवं सत्यशीला, ह्याले भाता कुठी हाये?"

"भाता नसते याले, आत्या."

"मंग श्वास कुठून घेते हे?"

सत्यशीलानं खिडकीबाहेर पाहिलं. मूल स्टेशन गेलं, जंगल लागलं. मोहफुलांचा गोड, जड वास डब्यात शिरत होता. मांडीवरची गिटार गाडीच्या हेलकाव्यासरशी तिला हळूच टेकत होती… आणि कोण जाणे का, तिला ते पापण्या मिटणारे डोळे आठवत होते.

घरी अंगणात पार्टी जमली. ढोलकीवाला मुखरू पुढंच बसला. सत्यशीलानं तार छेडली.

टिंग.

डास गुणगुणला तरी याहून मोठा.

पुन्हा छेडली. टिंग.

"वाजव ना वं," मुखरू म्हणाला, "का आमी बाजूले तोंड करून बसू? लाजून राह्यली ती!"

सगळे हसले. सोमाजी हसले नाहीत. ते पार्टीचे म्होरके. चारचौघांनी विश्वासानं दिलेले पैसे होते.

"मुकी आणली तू," एवढंच ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "नागभीडच्या पेटीवाल्याले बोलावतो. जयंतीले तो वाजवन. तू बायांत बसजो, टाळ्या धरजो. आन् हे परत नेऊन देऊ."

बायांत बसजो! सहावीपासून ती वडिलांच्या उजव्या हाताला बसत आली होती. ती जागा गेली, तर तिचं गाणंच गेलं.

ती रडली नाही. गिटार घेऊन घरात गेली. तांदळाच्या लाकडी पेटाऱ्याला गिटार टेकवली, आणि त्याच लाकडाला कान लावून वाजवली… आतून आवाज आला! दूरचा, पण गोड. मग रोज तेच. कान पेटाऱ्याला, बोटं तारांवर.

अशीच एका दुपारी बसली होती. बाहेर सायकलची घंटी वाजली.

"जय भीम! सोमाजीभाऊ हायेत का घरी?"

दारात तो उभा! घामानं डबडबलेला, सायकलच्या मागे गोणपाटात बांधलेलं मशीन, हँडलला अडकवलेला भोंगा.

"तुमी?"

"खुशाल माझं नाव. मूलचा हावो. भोंगे लावतो लग्नाबिग्नाले." त्यानं घाम पुसला. "इकडून चाललो होतो, म्हटलं…"

"इकडून कुठी चालले होते? पुढं तर जंगल हाये."

"जंगलातच."

"भोंगा घेऊन? वाघाचं लगन हाये काय?"

तो हसला, आणि मग खरं बोलला. "दुकानात मशीन जोडून होतं, म्हणून वाजली ती. मशीनबिगर नाई वाजत. तुमाले सांगायले पाहिजे होतं मी. पण तुमी हसल्या… न माझं सांगायचं राहूनच गेलं."

सत्यशीलानं पदर उगाच सारखा केला. "आता आले ना सांगाले. मंग जोडा."

गावात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. खुशालनं बॅटरी काढली, वायर लावली. तिनं तार छेडली, आणि समोरच्या चिंचेवरचे पोपट भर्रकन उडाले! शेतातून सोमाजी धावतच आले.

"काय पडलं रे?"

"काई नाई पडलं भाऊ," खुशाल म्हणाला. "उभं राह्यलं. जयंतीपर्यंत राहू द्या ही. नाई जमलं, तर मीच परत नेऊन देतो. आपल्या हातानं."

सोमाजींनी मुलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय दिसलं कोणास ठाऊक. "पेटीवाला तरी येनच," ते म्हणाले, आणि बैलांकडे वळले.

मग खुशाल येतच राहिला. कधी बॅटरी भरून आणली, कधी वायर तपासायची होती, कधी काहीच नव्हतं. तो ऑर्केस्ट्रात ऐकलेले धावते, नाचरे तुकडे शिट्टीवर वाजवायचा, ती ते तारेवर शोधायची. बोटांच्या टोकांना घट्टे आले.

"दुखते?" त्यानं एकदा विचारलं.

"तुमाले काऊन पाहिजे?"

"असंच… गिटार माझ्याच चुकीनं आली तुमच्या घरी."

"चूक व्हय ती?"

त्यानं वायर उगाच पुन्हा तपासली. बाहेर मोह टपटपत होता, एक फूल, मग थांबून दुसरं…

जयंतीचा दिवस आला. मिरवणूक झाली, वंदना झाली, संध्याकाळी विहारासमोरच्या चिंचेखाली सगळं गाव बसलं. नागभीडचा पेटीवाला मंचाच्या कडेला तयार होता. सत्यशीला वडिलांच्या उजव्या हाताला, मांडीवर लाल गिटार. खाली माइकच्या मशीनपाशी खुशाल, भोंगा वर चिंचेवर.

मुखरूनं ढोलकीवर थाप दिली. तिनं तो धावता तुकडा सुरू केला आणि बोटं अडखळली. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. ढोलकी थांबली. कुणीतरी खुदकन हसलं. सोमाजींचा हात हळूहळू पेटीवाल्याकडे वळायला लागला…

सत्यशीलाला समोर आई दिसली. बायांत बसलेली रुखमा, डोळे मिटून. भीतीनं तिची मूठ आपोआप गोल फिरत होती, जात्याचा खुंटा धरल्यासारखी.

सत्यशीलानं डोळे मिटले. धावतं सगळं सोडून दिलं. एकच तार धरली आणि तिच्यावर आईची पहाटेची ओवी वाजवली. सावकाश. पीठ पडावं तशी. विजेचा तो लांब, थरथरता सूर चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला, आणि बायांतून एक आवाज उठला. चार माणसांत कधी तोंड न उघडलेली रुखमा गात होती:

मोह पडे बाई मोह, दारी पिवळा गं सडा
लेकीच्या पायरवानं, घर वाजवी चौघडा…

दुसरी बाई गायली, तिसरी गायली, मग सगळ्याच. मुखरूनं त्याखाली ढोलकीचा ठेका अलगद सरकवला आणि त्याच सुरावरून सत्यशीलानं जयंतीचं गाणं असं उचललं की बसलेली माणसं गुडघ्यांवर आली!

सोमाजींचा वळलेला हात पेटीवाल्याच्या खांद्यावर पडला. "पाहुणे," ते त्याच्या कानाशी म्हणाले, "तुमी आरामात जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल मंचावर आवराआवर करत होता. भोंगा अजून चिंचेवरच होता. गडी माणसं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर रेंगाळली होती. सत्यशीला गिटारीची वायर गुंडाळायला आली, म्हणजे तसं सांगून आली.

"जमलं तुमाले," तो म्हणाला. "आता परत न्यायची नाई."

"नाई."

"म्हंजे… माझं काई काम नाई राह्यलं इथी."

"नाई कसं? मशीनबिगर वाजते काय ती?"

"मशीन ठेवून जातो मी."

"आन् तुमी?"

तो वायर उलटीच गुंडाळत होता. "मी… सत्यशीला, मले तर…"

"काय? ऐकू नाई आलं."

"मले तुमच्याबिगर करमत नाई!" तो एकदम बोलला. "त्या दिवसापासून. दुकानातल्या. लगन करता माझ्यासंग?"

तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं. गाल पेटले होते, पण आवाज स्वच्छ निघाला. "मले काऊन विचारता? मी तर कवाचीच हो म्हणून राह्यली. माझ्या बाबाले विचारा."

आणि कोपऱ्यावरून सोमाजींचा आवाज गरजला, "विचार ना बाप्पा! मी इथीच बसलो हावो!"

टपरीवर हशा फुटला. विहिरीवरच्या बाया हसल्या. खुशालनं गर्रकन वळून पाहिलं. माइक पायाशीच पडला होता आणि मशीनचा लाल दिवा लागलेला होता. सगळ्या गावानं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

"हे चालू होतं?"

"व्हय."

"तुमाले दिसलं होतं?"

"आल्या आल्याच."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर बोलले असते काय तुमी?"

खुशालनं हातातली वायर खाली ठेवली. बोटांनीच केस सारखे केले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि टपरीच्या दिशेनं निघाला.

सत्यशीलानं वाकून माइक उचलला.

"बाबा," चिंचेवरून तिचा आवाज गावभर पसरला, "एक चहा वाढवजा. ते येऊन राह्यले."