तारीख न कापलेला टॅग

गॅसची टाकी बदलून जोरी ट्रेलरमध्ये परत आली, तेव्हा तिच्या टोपीवर बर्फाचे चार कण होते आणि डोक्यात उद्याचा सगळा बेत पक्का झाला होता. उद्या हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि एक नर मारायचा परवाना, पुठ्ठ्याचा एक टॅग, यंदा तिच्या नावावर होता. तिनं रश्श्याची भांडी बाजूला सारली आणि टेबलावर नकाशा पसरला.

"पहाटे पाचला निघायचं. जुन्या गाडीवाटेनं आडव्या ओंडक्यापर्यंत जायचं. टेट तिथं बसेल. मी एकटी कडा ओलांडून पलीकडच्या घळीत उतरेन."

टेट तिचा नवरा. काल लाकडं उतरवताना त्यानं पायावर ओंडका पाडून घेतला होता आणि आता तो पाय उशीवर ठेवून बसला होता.

"म्हणजे मी सामान झालो," तो म्हणाला.

"सामान निदान कुरकुर करत नाही."

शेगडीजवळ तिचे आजोबा आर्वेल सुरीला धार लावत होते. वय अठ्ठ्याहत्तर. ते वर न बघताच म्हणाले, "त्या ओंडक्यावर कुणाला बसवायचं नाही."

"का? पाटी लागलीय तिथं?"

"बसवायचं नाही म्हटलं ना, पोरी."

जोरीचं डोकं फिरलं. आजोबांचं हे नेहमीचंच होतं. नियम सांगायचा, कारण गिळायचं. ट्रेलरच्या दारामागे त्यांचा एक जुना फोटो चिकटवलेला होता. त्यात गोठ्याच्या आडव्या वाशाला ओळीनं हरणांचे अकरा नर टांगलेले, सगळे खेचरासारख्या लांब कानांचे, सगळ्यांची शिंगं खुर्चीएवढी रुंद, आणि खाली दात काढून हसणारी पोरं. त्यातलं एक आर्वेल.

"नऊ वर्षं सोडतीत नाव टाकतेय मी," ती म्हणाली. "नऊ वर्षांनी एक टॅग लागला. तुमच्या वेळी तो दुकानात पावाबरोबर मिळायचा. आजीच्या नावाचा टॅग, आत्याच्या नावाचा टॅग, अंथरुणाला खिळलेल्या काकांच्या नावाचाही टॅग! सगळ्यांच्या नावावर तुम्ही मारत सुटलात. आता डोंगरात हरणांपेक्षा झाडांना बांधलेले कॅमेरे जास्त आहेत. आणि मी कुठं कुणाला बसवायचं, हे मात्र तुम्ही सांगणार."

"जोरी..." टेट म्हणाला.

"बोलू दे तिला. खरंच बोलतेय," आर्वेल म्हणाले. सुरी खाली ठेवली. "संपवलं आम्ही."

ते भांडले असते तर जोरीला बरं वाटलं असतं. पण ते भांडले नाहीत. बत्तीची वात त्यांनी थोडी कमी केली.

"डेलविन टर्ली आठवतो?"

"तुमच्या शेजारचे? मर्नाकाकूंचे मिस्टर?"

"तोच. त्याच्याबरोबर झालं ते सांगतो. मग तुला हवं तिथं नवऱ्याला बसव."

आर्वेलनी सांगितली ती गोष्ट अशी.

डेलविनला एक धाकटा भाऊ होता, रुलन. एकोणीस वर्षांचा, डावखुरा, सतत शीळ घालणारा. सदुसष्ट साल, एकोणतीस ऑक्टोबर. हंगामाचा शेवटचा दिवस, आणि वार रविवार. त्या घरात रविवारी बंदुकीला हात लावायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद. आई चर्चला गेली आणि दोघं भाऊ मागच्या दारानं डोंगरावर. डेलविननं आपला टॅग पहिल्याच दिवशी एका फालतू नरावर घालवला होता. रुलनचा टॅग मात्र कोरा होता.

कड्याखाली रुलनचा पाय मुरगळला. तेवढ्यात समोर नर उभा राहिला. शिंगं टोकापासून टोकापर्यंत छत्तीस इंच. डेलविननं गोळी घातली. नर जखमी झाला आणि घळीत उतरला.

डेलविन भावाला म्हणाला, "तू या ओंडक्यावर बस. टॅग दे इकडं. मी हा गेलो आणि हा आलो."

रुलन म्हणाला, "उठायचं नाही ना मग मी?"

"मी आल्याशिवाय उठू नकोस."

नर पुढं पुढं जात राहिला. डेलविन मागं मागं. अंधार पडला, वारा सुटला, बर्फ सुरू झाला. त्याला मागं वळता आलं असतं. पण छत्तीस इंच होते ते. नर सापडला मध्यरात्रीनंतर. त्यानं घाईघाईत शिंगाला रुलनचा टॅग तारेनं बांधला आणि उलटा धावत सुटला.

"आणि रुलन?" टेटनं विचारलं.

"बसलेलाच होता. सांगितलं होतं ना, उठायचं नाही म्हणून."

शेगडीतलं लाकूड तडकलं.

डेलविननं गावात सांगितलं की नर रुलननं मारला. मरण्याआधी पोरानं एवढा मोठा नर पाडला म्हणून आईला तेवढाच आधार झाला. तिनं ते डोकं भुसा भरून बैठकीत लावलं. शिंगावर रुलनच्या सहीचा टॅग तसाच ठेवला. रोज झोपण्याआधी ती त्या नराच्या मानेवरून हात फिरवायची, सोळा वर्षं, मरेपर्यंत. डेलविन रोज ते बघायचा.

"पण घाईत एक गोष्ट राहिली होती," आर्वेल म्हणाले. "टॅग बांधण्याआधी काय करायचं असतं, पोरी?"

"महिना आणि तारीख सुरीनं कापून काढायची," जोरी म्हणाली. हे तिला बाराव्या वर्षापासून पाठ होतं.

"आणि नाही कापली तर?"

"तर तो वापरला असं धरत नाहीत. टॅग खुला राहतो."

"हं. रुलनच्या टॅगवरची तारीख कुणी कापलीच नव्हती."

आई गेली. डेलविननं मनाशी एक नवस केला. आपल्या टॅगवर, दिवसाढवळ्या, खरा असा एक मोठा नर मारायचा. तो घरी आणायचा, मग हे डोकं भिंतीवरून उतरवायचं आणि रुलनच्या थडग्यापाशी उभं राहून सगळं खरं बोलायचं.

"खरं बोलायला हरीण कशाला लागतं?" जोरी फटकन म्हणाली. "तोंड होतं ना त्यांना!"

आर्वेल तिच्याकडे बघत राहिले. "मीही तेच म्हणालो त्याला. पण फार उशिरा."

तोवर दिवस बदलले होते. दोन हिवाळ्यांत निम्मी हरणं मेली. रस्ते झाले, कुंपणं झाली, टॅग सोडतीवर गेले. या डोंगराच्या सोडतीत डेलविन एकवीस वर्षं नाव टाकत होता. शेवटी टॅग लागला तो दोन हजार सतरा साली. वय चौऱ्याहत्तर, आणि डोळ्यांच्या मधोमध काळा डाग धरलेला. डॉक्टरनं सांगितलं होतं, पुढच्या वर्षी रायफलची दुर्बीण तुमच्या काही कामाची नाही.

नऊ दिवसांचा हंगाम. डेलविन आठ दिवस डोंगर चढला. पाच नर दिसले, पाचही पोरगेलेसे. एकच मोठा होता. तो कॅमेऱ्यांतून पाळत ठेवणाऱ्या भाडोत्री वाटाड्यांनी एका पाहुण्याला दाखवला आणि पाहुण्यानं अर्ध्या मैलावरून पाडला. डेलविन तेव्हा खाली घळीत गुडघ्यावर बसून ठसे चाचपत होता.

नववा दिवस उजाडला. एकोणतीस ऑक्टोबर. रविवार.

मर्ना दारात आडवी उभी राहिली. "आज नको हं, डेल. आजचा दिवस तरी नको."

तो म्हणाला, "उद्यापासून मला काहीच नाही गं." दुपारी बाराला गाडी काढून तो गेला.

रात्री आठ वाजता मर्नाचा आर्वेलना फोन आला. बर्फ घोटाभर पडला होता. आर्वेल गाडीला साखळ्या लावून निघाले. डेलविनची गाडी पायथ्याशी सापडली. बर्फात पुसट माग होता. आर्वेल बॅटरी घेऊन जुन्या वाटेनं वर गेले.

दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांना तो दिसला.

ओंडक्यावर.

ताठ बसलेला. रायफल कुठंच नव्हती. भुवया पांढऱ्या झालेल्या. आर्वेलना वाटलं, संपला. त्यांनी खांद्याला हात लावला, तेव्हा ओठ हलले.

"आर्वेल... बसू दे मला."

कसंबसं ओढत त्यांनी त्याला गाडीत घातलं. हीटर पूर्ण सोडला. आणि उतारावरून गाडी हाकताना डेलविन जे बोलला, सदुसष्टचं आणि त्या रात्रीचंही, ते आर्वेलनी ऐकलं. तुकड्यातुकड्यानं.

दिवस बुडता बुडता नर दिसला होता. कड्याच्या अगदी कडेला. डोळ्यांतल्या डागामुळं डोकं दिसेना, नुसती शिंगं. छत्तीस इंच असावीत. त्यानं गोळी घातली. बर्फावर रक्त पडलं. तो मागावर निघाला. घळीत... वर... पुन्हा घळीत. अंधार झाला तरी तो थांबला नाही. मागे वळावं असं एकदा वाटलं. एकदाच.

मग माग वळला.

वळला आणि ओंडक्याकडे आला.

तिथं रक्त थांबलं. ठसे थांबले. नर नव्हता.

ओंडक्यावर कुणीतरी बसलं होतं.

डेलविननं बॅटरी वर केली नाही. त्याला करवली नाही. शीळ ऐकू आली, फार हळू, जशी थंडीनं ओठ जुळत नाहीत तेव्हा येते तशी.

मग...

"डेल. आता उठू का मी?"

...

आर्वेल थांबले. टेटनं पाय उशीवरून खाली घेतला होता, दुखऱ्या पायाचं भान न ठेवता.

"मग? काय म्हणाले ते?" जोरीनं विचारलं.

डेलविन म्हणाला, "तो नर मी मारला होता रे. तू नाही. मी आईला खोटं सांगितलं."

नुसता बर्फ.

"माहितीय," तो म्हणाला. "माझा टॅग दे."

"टॅग घरी आहे. भिंतीवर."

"नाही... माझ्याकडेच आहे."

मग अंधारातून डेलविनचा हात कुणीतरी हातात घेतला. धरला. मनगटाला काहीतरी गार लागलं. बारीक. तारेसारखं.

डेलविन म्हणाला, "ऊठ, पोरा. ऊठ तू. आता मी बसतो."

एवढं सांगून डेलविननं मान खिडकीला टेकवली. पुढं गावाचे दिवे दिसू लागले होते. आर्वेल म्हणाले, "आलंच बघ, डेल, आलंच." पण डेलविन गेला होता. डॅशबोर्डवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती.

वाऱ्यानं ट्रेलरचं दार एकदा हललं. जोरीनं दचकून बघितलं, मग स्वतःवरच चिडली.

"मनगटाला काय होतं?"

"रुलनचा टॅग. शिंगाला बांधतात तसा. तारेला डावा पीळ, डावखुरा माणूस देतो तसा."

"मग डेलविननीच घरून नेला असेल," ती भरभर बोलू लागली. "दुपारी निघताना. अपराधीपणा माणसाला काय वाटेल ते करायला लावतो. स्वतःच बांधला असेल."

"बोटं लाकूड झाली होती त्याची. बरं, तेही सोडून दे. मर्ना त्या दिवशी वाट बघत बसली होती. काही सुचेना म्हणून संध्याकाळी सहाला तिनं बैठक झाडली. त्या डोक्यावरची धूळ पुसली. टॅगही पुसला. तेव्हा तो तिथं होता, पोरी. डेलविन बारालाच गेला होता."

"काकूंना वाटलं असेल तसं. त्या दिवशी त्यांचं मन ठिकाणावर..."

नकाशावर ओंडक्यापाशी तिनं लाल पेन्सिलीनं फुली मारली होती. खाली 'टेट' लिहिलं होतं. ती त्या फुलीकडे बघत होती.

"मला चालायला जमेल गं हळूहळू," टेट म्हणाला. "नाहीतर मी इथंच थांबतो आजोबांबरोबर. तू जा. नऊ वर्षं थांबलीस..."

"गप्प बस," जोरी म्हणाली. तिनं खोडरबर घेतलं आणि कागद फाटेपर्यंत ती फुली घासली. "तुझ्या चालीनं चालू. घळीपर्यंत नाही पोचलो तर नाही. नर गेला खड्ड्यात."

आर्वेलनी मान हलवली. ते उठले आणि फळीवरचा तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा काढला. तंबाखू त्यांनी कधीच ओढली नव्हती. डबा त्यांनी बत्तीखाली ठेवला.

"मर्नाला तो घरात नको होता. जाळायचाही धीर होईना. म्हणून माझ्याकडे आहे. तू शिकलेली आहेस, बघ तुला काय कळतं ते."

जोरीनं झाकण उघडलं. आत पुठ्ठ्याचा टॅग होता. पन्नास वर्षांच्या उजेडानं आणि धुरानं चहासारखा तपकिरी पडलेला. शाई विटलेली. रुलन टर्लीची सही डावीकडे कललेली. कडेनं महिने आणि तारखा छापलेल्या.

ऑक्टोबर कापलेला होता. एकोणतीस कापलेली होती.

तिनं तो बत्तीच्या अगदी जवळ धरला. सगळा टॅग तपकिरी होता. कापलेल्या दोन खाचांच्या कडा तेवढ्या पांढऱ्याशुभ्र होत्या.