वाटलेलं खोडा

शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या मुलाच्या मांडीवर दुपट्यातलं बाळ मान टाकून पडलं होतं.

"अहो, मान धरा ना त्याची," मी खेकसले.

तो गोंधळला... मग त्यानं दुपट्यातून रबराची बाहुली वर काढली. "ट्रेनिंगला नेतोय. तुम्ही पण तिथेच?"

मीरा रोडच्या त्या हॉलमध्ये आम्ही वीसजण होतो. तान्ह्या बाळाच्या मनात काय चाललंय ते कसं ओळखायचं, त्याच्या आईला आधार कसा द्यायचा, हे शिकायला आलेले. हा निकेत, फिजिओथेरपिस्ट. मी अंगणवाडीची सुपरवायझर. दोन आठवड्यांत तो "सलोनी, चहा?" म्हणायला लागला आणि मी... जाऊ दे, सांगूनच टाकते. मी पार कामातून गेले.

पण नीलम होती ना. नर्स. लांब केस, जिभेवर साखर. निकेतच्या शेजारची खुर्ची तर बाईसाहेबांनी सातबाऱ्यावरच चढवली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटच्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या मृणालिनी मॅडम आम्हाला मोरव्याच्या अंगणवाडीत घेऊन गेल्या. आठ महिन्यांची एक मुलगी आईजवळ खेळत होती. वीस मिनिटं तिच्याकडे बघायचं, वहीत वेळ टाकून लिहायचं. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच, 'वाटलं' ते नाही. मग वह्या बदलायच्या आणि दुसऱ्याच्या वहीत वाटलेलं सापडलं की खोडायचं. वर्षभर घरभेटींना कोण कोणाबरोबर जाणार, ते यावरून ठरणार होतं. मला निकेतबरोबर जायचं होतं, बस.

समोर नीलम निकेतच्या बाटलीतून पाणी प्यायली. झालं, माझं पेन सुटलं.

मॅडमनी वह्या वाटल्या. माझी नेमकी निकेतकडे गेली.

"'दहा चार — नीलम हसली,'" तो हळू आवाजात वाचायला लागला. "'दहा सहा — नीलमने बाटली तोंडाला लावली...' बाळ कुठंय, सलोनी?"

"आहे की... खाली."

"खाली लिहिलंय, 'निकेतला नीलम आवडते.' हे कधी पाहिलंस?"

"दिसतं ते."

"दिसत नाही. वाटलंय तुला." त्यानं ती ओळ खोडली. "मला तू आवडतेस. दोन आठवडे चहा काय उगाच पाजतोय?"

माझे कान तापले. "मग तिला पाणी कशाला पाजतोस?"

"तहान लागली होती गं तिला..."

मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी वही घेतली, वाचली. हसल्या नाहीत. "ती पोरगी तीनदा आईकडे झेपावली. आईनं एकदाही उचललं नाही. दिसलं तुला?"

मला दिसलं नव्हतं. खरंच लाज वाटली.

"त्या आईला कोणीतरी लागणार आहे. तुम्हा दोघांना एकत्र पाठवलं, तर बाळाकडे कोण बघणार?"

आणि जोड्या लागल्या. मी आमच्यातल्याच हंसाताईंबरोबर मोरव्यात, त्याच आईकडे. निकेत पालीला... नीलमबरोबर. ती एवढी खूश झाली की माझा परत तिळपापड झाला. तो आवडतेस म्हणाला म्हणून जळणं थोडंच थांबतं?

बाहेर त्याला गाठलं. "पालीला काय काय पाहिलंस, ते रोज सांगायचं मला. सगळं."

"आणि वाटलेलं?"

मी जरा विचार केला. "वाटलेलं फक्त माझ्याबद्दलचं."